लेसरनं माणसांचा माग काढणारी पद्धत कशी पारखावी: कोल्हापुरातल्या नवशिक्यांसाठी

माणसं मोजणं वेगळं आणि माणसांचा माग ठेवणं वेगळं. दारातून किती जण आत गेले हे मोजायला एक किरण पुरतो. पण अंबाबाईच्या मंदिरात महाद्वारातून आत शिरलेली एक बाई घाटी दरवाज्यातून बाहेर पडेपर्यंत कुठल्या वाटेनं गेली, कुठं थांबली, तिच्याभोवती दाटी किती होती, हे सांगायचं तर ‘ही तीच बाई’ हे यंत्राला क्षणोक्षणी ओळखता आलं पाहिजे. लेसर स्कॅनर, म्हणजे लायडार, वापरून हे काम करणाऱ्या पद्धती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बऱ्याच निघाल्या. त्यातली आपल्या जागेसाठी कुठली खरी उतरते हे कसं तपासायचं, ते इथं सांगतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, वाहतूक आणि नगररचनेत काम करणारी तरुण मंडळी, यात्रा-उत्सवांचं नियोजन करणारे कार्यकर्ते यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

हे काम मी हौसेचं मानत नाही. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि जवळजवळ तीनशे माणसं गेली. अशा ठिकाणी गर्दी कुठं घट्ट होत चाललीय हे वेळेत कळलं तर रांग थांबवता येते, दार उघडता येतं. पण त्याच जागी चुकीचा आकडा दाखवणारं यंत्र बसवलं, तर बंदोबस्तावरचा माणूस स्वतःच्या डोळ्यांपेक्षा पडद्यावर विश्वास ठेवील. म्हणून यंत्र बसवण्याआधी ते पारखणं महत्त्वाचं.

आणि पारखायचं ते आपल्या जागी, आपल्या माणसांवर. परदेशी शोधनिबंधातला ‘९५ टक्के’ हा आकडा त्या लेखकांच्या जागेपुरता खरा असतो. तो महाद्वार रोडला लागू पडेल असं गृहीत धरू नका. पुढची सगळी खटपट यासाठीच आहे.

आधी प्रश्न लिहून काढा

कागदावर एक वाक्य लिहा: या यंत्राकडून मला काय कळायला हवं? ‘रविवारी संध्याकाळी रंकाळा चौपाटीवर एका वेळी किती लोक असतात’ हा एक प्रश्न. ‘दर्शनरांगेत माणूस किती मिनिटं उभा राहतो’ हा दुसरा. ‘सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, फलाटावर लोक कुठल्या बाजूनं एसटीकडे धावतात’ हा तिसरा. पहिल्यासाठी माणसांची ओळख टिकली नाही तरी चालतं, संख्या बरोबर हवी. दुसऱ्यात ओळख तुटली की उत्तरच तुटतं, कारण वीस मिनिटं उभा असलेला एकच माणूस यंत्राच्या लेखी पाच-पाच मिनिटं थांबलेली चार माणसं होतो. तिसऱ्याला वाटांची दिशा हवी, मधेमधे थोडी तुटली तरी भागतं. प्रश्न न लिहिता ‘सगळ्यात अचूक पद्धत कुठली’ असं विचारणारे महिनाभर आकडे गोळा करतात आणि शेवटी निवड काही होत नाही.

यंत्राच्या कागदावरचे आकडे वाचायला शिका

लेसर स्कॅनरचं तत्त्व सोपं आहे. प्रकाशाचा एक क्षणिक ठोका सोडायचा, तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. १० मीटरवरच्या माणसाला लागून प्रकाश सुमारे ६७ नॅनोसेकंदांत परत येतो. आरशानं किरण फिरवला की एका पातळीतली सगळी अंतरं मिळतात. ही साधी, एका पातळीची यंत्रं. होकुयो किंवा सिक कंपनीचे स्कॅनर कॉलेजच्या प्रयोगशाळांत दिसतात ते बहुधा याच जातीचे. एकावर एक अनेक किरण फिरवले की थ्रीडी लायडार.

माहितीपत्रकात पल्ला मोठ्या अक्षरांत छापतात. तुम्ही मात्र आधी कोनीय अंतर बघा, म्हणजे शेजारच्या दोन किरणांमध्ये किती अंशांचा फरक आहे. ०.२५ अंश असेल तर १० मीटरवर दोन किरणांत ४.४ सेंटिमीटर अंतर पडतं, २० मीटरवर ८.७. माणसाचा पाय घोट्याच्या वर दहा-बारा सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे १० मीटरवर त्याच्यावर दोन-तीन किरण पडतील, २० मीटरवर जेमतेम एक. एका ठिपक्यावरून पाय आणि सायकल-स्टँडचा दांडा वेगळे करता येत नाहीत. पत्रकावर ३० मीटर लिहिलेलं असलं तरी पायांचा माग काढण्यासाठी त्या यंत्राचा उपयोगी पल्ला १०-१२ मीटर धरा.

थ्रीडी यंत्रात हाच हिशोब उभ्या दिशेनंही करा. वेलोडाइन कंपनीच्या प्रसिद्ध १६ किरणांच्या यंत्रात दोन रेषांत २ अंश असतात. २० मीटरवर त्या रेषा एकमेकींपासून ७० सेंटिमीटर लांब जातात आणि उभ्या माणसावर दोन-तीनच रेषा पडतात. जाहिरातीतली माणसांची ती सुंदर ठिपक्यांची चित्रं अशा यंत्रावर जवळच्या अंतरातच मिळतात.

दुसरा आकडा फेऱ्यांचा. सेकंदाला १० फेऱ्या असतील तर ताशी पावणेपाच किलोमीटरनं चालणारा माणूस दोन फेऱ्यांमध्ये १३ सेंटिमीटर सरकतो, ते ठीक. ताशी २० किलोमीटरनं गर्दीतून काढलेली दुचाकी ५५ सेंटिमीटर सरकते. तेवढ्या अंतरात दुसरं माणूस उभं असू शकतं, आणि तिथं ओळखींची अदलाबदल होते.

यंत्र डोळ्याला सुरक्षित, म्हणजे ‘क्लास १’ आहे हे पत्रकावर बघितल्याशिवाय सार्वजनिक जागेत नेऊ नका. किरण बहुधा ९०५ नॅनोमीटरचा, अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही. त्यामुळे कुणी चुकवूही शकत नाही.

उंची: घोटा, कंबर की डोक्यावरून

साऱ्या पारखणीत कोल्हापूरचा प्रश्न इथं सगळ्यात ठळक होतो, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या आणि अजूनही गाजलेल्या पद्धती पायांवर आधारलेल्या आहेत. टोकियोत झाओ आणि शिबासाकी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत स्कॅनर जमिनीलगत ठेवले होते. चालताना एक पाय स्थिर, दुसरा पुढं, मग उलट, या लयीवरून माणूस ओळखायचा. रेल्वे स्टेशनच्या गर्दीत त्यांनी ते करून दाखवलं. जर्मनीत फ्रायबुर्गच्या आरास आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ठिपक्यांच्या झुबक्याची रुंदी, गोलाई असे गुण संगणकाला शिकवून ‘हा पाय, हा पाय नव्हे’ असं वर्गीकरण करवलं.

आता हीच पद्धत शुक्रवारी सकाळी भवानी मंडपात लावून बघा. सहावारी साडीत निऱ्या घोट्यापर्यंत येतात. यंत्राला दोन पाय दिसतच नाहीत, एक रुंद, हलता, कडा बदलणारा झुबका दिसतो. त्याला डावा-उजवा ही लय नाही. लुंगी आणि बुरख्याचंही तेच. काष्ट्याच्या नऊवारीत आणि धोतरात पाय वेगळे दिसतात, पण पँटीतल्या पायापेक्षा जाड आणि वेड्यावाकड्या कडांचे. म्हणजे पँट घातलेल्या लोकांवर शिकवलेली पद्धत नेमक्या देवीच्या वारी, नेमक्या बायकांना कमी मोजणार. एकूण अचूकतेच्या टक्क्यात हे लपून जातं. म्हणून पारखताना पोशाखानुसार चुका वेगळ्या काढायच्याच. ही अट मी कुणालाही माफ करत नाही.

कंबर-छातीच्या उंचीवर स्कॅनर लावला की साडीची अडचण बरीचशी संपते. जपानच्या एटीआर संस्थेत ग्लास आणि सहकाऱ्यांनी धडाच्या उंचीवरून माणसाची जागाच नव्हे, तोंड कुठल्या दिशेला आहे तेही काढलं. धड ४० सेंटिमीटर रुंद, म्हणजे तेच ०.२५ अंशांचं यंत्र १० मीटरवर नऊ ठिपके देतं. पण मग दुसरी माणसं हरवतात. ९० सेंटिमीटर उंचीवर किरण फिरत असेल, तर तीन-चार वर्षांचं मूल डोक्याच्या टाळूपुरतं दिसतं किंवा दिसतच नाही. रस्त्यालगत बसून हार-वेणी विकणारी बाई दिसत नाही. कडेवरचं मूल आणि आई मिळून एक रुंद माणूस होतात. गर्दीत सगळ्यात आधी जीव धोक्यात येतो तो लहान मुलांचा, हे लक्षात घेतलं तर ही उणीव तळटीपेत टाकण्यासारखी नाही.

तिसरा मार्ग वरून बघण्याचा. ओसाकाच्या एटीसी या व्यापारी संकुलात ब्रश्चिच, कांडा आणि सहकाऱ्यांनी सुमारे ९०० चौरस मीटरची जागा वर बसवलेल्या थ्रीडी सेन्सरांनी व्यापली होती. त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि त्यातल्या वाटांची माहिती संशोधकांसाठी खुली केलेली आहे, सरावाला ती जरूर वापरा. वरून बघितलं की माणूस माणसाआड कमी दडतो. पण तिथं छत होतं. आपल्याकडे जूनपासून छत्र्या उघडतात, आणि वरून बघणाऱ्या यंत्राला एका छत्रीखालची दोघंतिघं एकच वाटतात.

तिन्हीतली एक सर्वश्रेष्ठ असं मी सांगणार नाही. पण खुल्या रस्त्यावर एका पातळीचंच यंत्र हाती असेल, तर माझा कौल कंबरेच्या उंचीला. लहान मुलांची उणीव मात्र स्वतंत्र मोजून अहवालात लिहायची.

जागांची चढण

पहिल्या दिवशी थेट महाद्वार रोड नको. कॉलेजच्या व्हरांड्यात सुरू करा. तिथं भिंती सरळ असतात, ऊन नसतं आणि माणसं तुमचीच असतात. मग रंकाळ्याच्या काठची फिरायची वाट. तिथं लोक सुटे चालतात आणि संध्याकाळी ऊन, वारा, कुत्री, मुलं सगळं भेटतं. त्यानंतर एखाद्या बसथांब्यासारखी जागा, जिथं लोक थांबतात, बसतात, एकदम उठून धावतात. बाजारातला रस्ता सगळ्यात शेवटी.

परवानगी लेखी घ्या. रस्ता, बाग, चौपाटीसाठी महानगरपालिका, गर्दीच्या जागी शिवाय पोलीस ठाणं. मंदिराच्या आवारात काही करायचं तर पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे जावं लागेल. सुरुवातीच्या प्रयोगासाठी तो विचार सोडून द्या, बाहेरच्या रस्त्यावर शिकण्यासारखं भरपूर आहे. दुकानदारांशी आधी बोला. वरच्या मजल्यावरची खिडकी पुढं लागणार आहे, आणि ती एखाद्या दुकानदाराच्याच माडीवर असते.

बसवणं आणि जुळवणं

एका यंत्रानं गर्दीचा माग निघत नाही. ४५ सेंटिमीटर रुंद माणूस यंत्रापासून २ मीटरवर उभा राहिला, की १० मीटरवर त्याच्यामागं सव्वादोन मीटर रुंदीची आंधळी पट्टी तयार होते. म्हणून समोरासमोर किंवा कोपऱ्यांवर निदान दोन, शक्यतो तीन यंत्रं लावा. यंत्र वर्दळीच्या अगदी कडेला टेकवू नका, थोडं मागं घ्या.

यंत्र समपातळीत आहे का, हे पाणसळीनं बघा. जमिनीपासून २० सेंटिमीटरवर लावलेलं यंत्र फक्त १ अंश खाली झुकलं तर साडेअकरा मीटरवर किरण रस्त्यालाच लागतो आणि तिथं एक न हलणारी ‘भिंत’ उगवते. त्यात आपले रस्ते कडेला उतरते असतात.

अनेक यंत्रांची मापं एकाच नकाशावर आणताना १ अंशाचा वळण-फरक राहिला तर १५ मीटरवर २६ सेंटिमीटरची चूक पडते आणि एकाच माणसाची दोन माणसं होतात. तपासायची सोपी रीत अशी: जागा मोकळी असताना, पहाटे, एकच माणूस साऱ्या पट्ट्यातून आडवा-उभा चालवा. प्रत्येक यंत्राला दिसलेली त्याची वाट एकावर एक पडली पाहिजे. जिथं फाकते तिथं जुळवणी चुकलीय.

घड्याळंही जुळवा. ०.२ सेकंदाचा फरक चालत्या माणसासाठी २६ सेंटिमीटर होतो. सगळे संगणक एकाच वेळ-सर्व्हरला जोडा, आणि शिवाय सुरुवातीला व शेवटी एक मोठा पुठ्ठा यंत्रांसमोर झटकन आडवा धरा, तो कॅमेऱ्यातही दिसेल असा. नंतर जुळवताना हा पुठ्ठाच उपयोगी येतो.

मिळालेली माहिती कच्चीच साठवा, प्रत्येक किरणाचं प्रत्येक अंतर. पद्धती नंतर कितीही बदलता येतील. रस्त्यावरची ती संध्याकाळ पुन्हा मिळणार नाही.

खरं काय होतं, हे कोण सांगणार

पद्धतीला गुण द्यायचे तर बरोबर उत्तर आपल्याकडे हवं. त्याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात. ते यंत्र देत नाही, माणसं बसून तयार करतात. या कामाला कंटाळून जो तो घाई करतो, आणि मग पुढचे सगळे आकडे पोकळ होतात.

उंचावरून कॅमेरा लावा. चित्रात प्रत्येक माणसावर ठरावीक वेळानं खूण करायची आणि ती जमिनीच्या नकाशावर उतरवायची. खूण पावलांवर करायची की डोक्यावर? गर्दीत पावलं दिसत नाहीत म्हणून सगळे डोक्यावर करतात. पण कॅमेरा ८ मीटर उंच असेल आणि माणूस १० मीटर लांब, तर १.६ मीटर उंचीवरचं डोकं थेट जमिनीवर उतरवलं की खूण खऱ्या जागेपासून अडीच मीटर पुढं पडते. म्हणून डोक्याची सरासरी उंची धरून हिशोब दुरुस्त करा. रस्त्यावर आधी खडूनं १-१ मीटरच्या चौकटी आखून त्यांचं चित्र घेतलेलं असेल तर हे काम पुष्कळ सोपं होतं.

वेळेचा अंदाज आधीच घ्या. दहा मिनिटांच्या चित्रणात दर अर्ध्या सेकंदाला खूण करायची, म्हणजे १२०० चित्रं. प्रत्येकात सरासरी २५ माणसं धरली तर ३०,००० खुणा. एका खुणेला ३ सेकंद लागले तरी २५ तास. तेव्हा तासाभराचं चित्रण खुणावत बसू नका. वेगवेगळ्या वेळांचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे निवडा, आणि ते पद्धतीचा निकाल बघण्याआधी निवडा. निकाल बघून तुकडे निवडले की नकळत सोयीचेच उचलले जातात.

काही तुकडे दोघांना वेगवेगळे खुणवायला द्या, एकमेकांचं न बघता. दोघांच्या खुणांत सरासरी १५ सेंटिमीटरचा फरक निघाला, तर ‘आमची पद्धत ८ सेंटिमीटर अचूक’ या दाव्याला काही अर्थ उरत नाही. तुमच्या फूटपट्टीची जाडीच त्याहून मोठी आहे. खुणा करताना प्रत्येक माणसापुढं बाई-पुरुष-मूल, पोशाख, छत्री, कडेवर मूल, असं दोन अक्षरांत टिपून ठेवा. वर म्हटलेल्या उणिवा यावरूनच मोजता येतील.

एवढं शक्य नसेल तर निदान दोन दारांशी हातात मोजणीयंत्र घेऊन दोघांना उभं करा. त्यातून वाटा कळत नाहीत, संख्या तपासता येते.

पद्धती कुठल्या घ्यायच्या

इथं फार अडकू नका. जवळपास सगळ्यांचा सांगाडा एकच आहे: न हलणाऱ्या गोष्टी वजा करायच्या, उरलेल्या ठिपक्यांचे झुबके करायचे, झुबका माणसाचा आहे का ठरवायचं, आणि आधीच्या क्षणीच्या माणसांशी जोडी लावायची. जागेचा अंदाज बहुधा काल्मन फिल्टरनं (आधीची चाल आणि नवं माप यांचा मेळ घालणारं गणित), जोडी हंगेरियन पद्धतीनं (सगळ्या जोड्यांचं एकूण अंतर कमीत कमी ठेवणारी) किंवा अनेक शक्यता सोबत ठेवणाऱ्या एखाद्या रीतीनं. आरओएस (रोबोट ऑपरेटिंग सिस्टिम) या मुक्त प्रणालीवर पाय ओळखणारे तयार प्रोग्रॅम मिळतात. तुमच्या यादीत एक अगदी साधी पद्धत जरूर ठेवा, सगळ्यात जवळचा झुबका तोच माणूस असं मानणारी. महागडी पद्धत तिच्यापेक्षा ठळक चांगली नसेल तर तिचा खर्च कशाला?

सगळ्या पद्धती त्याच कच्च्या माहितीवर चालवा. त्यांची बटणं, म्हणजे पद्धतीतले आपण ठरवायचे आकडे, जुळवायला एका दिवसाची माहिती आणि गुण द्यायला दुसऱ्या दिवसाची. ज्या माहितीवर जुळवलं तिच्यावरच गुण दिले तर ती परीक्षा होत नाही.

गुण कसे द्यायचे

आधी एक मर्यादा ठरवा: यंत्रानं सांगितलेली जागा खऱ्या जागेपासून अर्ध्या मीटरच्या आत असेल तर जुळलं, नाहीतर चुकलं. मर्यादा काय होती हे न सांगता दिलेला गुण तुलनेला निरुपयोगी असतो.

मग तीन प्रकारच्या चुका मोजा. माणूस होता, यंत्राला दिसला नाही, ही सुटलेली. माणूस नव्हता, खांब किंवा हातगाडी होती, तरी यंत्रानं माणूस सांगितला, ही खोटी. दोन माणसांच्या ओळखी बदलल्या किंवा एकाची वाट तुटून नवी सुरू झाली, ही ओळखीची. बर्नार्डिन आणि स्टीफेलहागेन यांनी २००८ मध्ये या तिन्ही मिळून एक गुण रूढ केला, त्याला एमओटीए म्हणतात: तिन्ही चुकांची बेरीज भागिले खऱ्या खुणांची संख्या, आणि ते एकातून वजा.

समजा तुमच्या तुकड्यात खऱ्या खुणा २००० आहेत. पहिल्या पद्धतीनं १८० सोडल्या, ६० खोट्या दिल्या, १२ ओळखी तोडल्या. बेरीज २५२, एमओटीए ०.८७४. दुसरीनं १०० सोडल्या, ५० खोट्या, ९० ओळखी तोडल्या. बेरीज २४०, एमओटीए ०.८८. गुणाप्रमाणे दुसरी वरचढ. पण रांगेतला थांबण्याचा वेळ मोजायचा असेल तर नव्वद ठिकाणी वाट तुटलेली ही पद्धत उचलून बाजूला ठेवा. चौपाटीवरची संख्या मोजायची असेल तर तीच घ्या. सुरुवातीला प्रश्न कागदावर लिहायला सांगितला तो या क्षणासाठी.

ओळख महत्त्वाची असेल तर २०१६ पासून वापरात असलेला आयडी-एफ-१ हा गुण सोबत काढा. एका माणसाची खरी वाट यंत्राच्या एकाच वाटेनं किती झाकली, हे तो बघतो. जुळलेल्या ठिकाणी सरासरी अंतर किती पडलं, तेही सेंटिमीटरमध्ये स्वतंत्र द्या.

नुसत्या संख्येवर विश्वास ठेवताना सावध राहा. यंत्रानं दहा माणसं सोडली आणि दहा खांबांना माणूस म्हटलं तर एकूण संख्या अगदी बरोबर येते. दोन चुका एकमेकींना झाकतात. कागदावर शंभर टक्के, आणि प्रत्यक्षात गर्दी जिथं नाही तिथं दाखवलेली.

आणखी एक. सेकंदाला दहा चित्रं म्हणजे दहा वेगळे पुरावे नव्हेत. तोच माणूस पुढच्या दशांश सेकंदालाही तिथंच असतो. दोन पद्धतींतला फरक खरा आहे का हे बघायला तुकड्यागणिक गुण काढा आणि ते तुकड्यातुकड्यात किती वरखाली होतात ते बघा. बारा तुकड्यांपैकी सातात एक पुढं आणि पाचात दुसरी, तर फरक आहे असं म्हणू नका.

गर्दीच्या पातळ्या करा, आणि मुद्दाम छळा

सरासरी गुण मोकळ्या वेळच्या तुकड्यांनी फुगतो. प्रत्येक चौरस मीटरमागं माणसं किती, यावरून तुकड्यांचे गट पाडा: अर्ध्यापेक्षा कमी, अर्धा ते एक, एक ते दोन, दोनच्या वर. गुण प्रत्येक गटाचा वेगळा. पायांवरच्या पद्धती दाटीत लवकर कोसळतात, कारण कुठला पाय कुणाचा हेच कळेनासं होतं. गर्दीचे अभ्यासक जॉन फ्रुइन यांनी लिहून ठेवलंय की चौरस मीटरला सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी प्रवाही वस्तुमानासारखी वागू लागते, एकट्याच्या इच्छेला अर्थ उरत नाही. तेवढ्या दाटीत एका पातळीच्या लेसरला समोरच्या ओळीपलीकडचं काही दिसत नाही. अशा जागी प्रत्येकाचा माग काढायचा हट्ट सोडून थेट दाटी मोजणाऱ्या रीतीकडे वळायला हवं.

मग त्रास द्यायचे प्रयोग. पहिला उन्हाचा. अंबाबाईचं मंदिर पश्चिमाभिमुख आहे. किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात हे आपल्याला ठाऊकच आहे. त्या बाजूला तोंड करून ठेवलेल्या यंत्राच्या डोळ्यातही संध्याकाळी तेच ऊन शिरतं. सूर्यप्रकाशात ९०५ नॅनोमीटरचा भागही असतोच, त्यामुळे पल्ला घटतो आणि भुताटकीचे ठिपके येतात. त्रिकोण-पद्धतीवर चालणारी, म्हणजे वेळेऐवजी परतलेल्या किरणाच्या कोनावरून अंतर काढणारी स्वस्त यंत्रं उन्हात अधिकच बिघडतात. नेमक्या त्या वेळेचा एक तुकडा घ्याच.

दुसरा पावसाचा. थेंब जवळचे खोटे ठिपके देतात, ओला काळा रेनकोट किरण परत पाठवत नाही. तिसरा धुळीचा. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाचे ढग उठतात. त्या ढगाला यंत्र भिंत समजू शकतं, आणि नंतर काचेवर बसलेल्या थरानं दिवसभर अंधुक बघतं. यात्रेत जाण्याची गरज नाही. मोकळ्या मैदानात गुलाल उधळून, काच पुसण्याआधी आणि पुसल्यावर मोजा. चौथा कपड्यांचा. डोळ्याला काळं दिसणारं कापड अवरक्त प्रकाशाला काळं असेलच असं नाही, पण काळं चामडं आणि काही रेक्झिन खरोखर किरण गिळतात. आपल्या ओळखीतल्या माणसांना साडी, बुरखा, काळं जाकीट, छत्री, डोक्यावर पाटी अशा वेषांत आखलेल्या वाटेवरून चालवा.

लोकांचा हक्क

लेसरमध्ये चेहरा येत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ग्राउंड ट्रुथसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात चेहरे येतात, आणि खरी जबाबदारी तिथं आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाचा, संस्थेतल्या जाणत्या माणसाला विचारा. चित्रण सुरू असताना जागेवर मराठीत फलक लावा: काय चाललंय, कशासाठी, कोण करतंय, संपर्क कुठं. चेहरे पुसट करूनच खुणावणाऱ्यांच्या हाती द्या. खुणा झाल्या की मूळ चित्रण कुठल्या तारखेला पुसणार हे आधीच लिहून ठेवा आणि त्या तारखेला पुसा. वाटांच्या माहितीलाही निरुपद्रवी समजू नका. रोज सकाळी ठरावीक वेळी एकाच घरातून निघणारी वाट कुणाची, हे त्या गल्लीत कुणीही सांगेल. घरांच्या दारांजवळचा पट्टा नकाशातून वगळा.

अहवालात काय द्यायचं

यंत्राचं नाव, उंची, संख्या, कोनीय अंतर, फेऱ्या; जागेचा मापासह नकाशा; दिवस, वेळ, हवामान; तुकडे कसे निवडले; खुणावणाऱ्यांमधला फरक; जुळण्याची मर्यादा. मग कोष्टक: आडव्या रांगेत पद्धती, उभ्या रांगेत गर्दीचे गट, आणि प्रत्येक घरात सुटलेली, खोटी, ओळखीची अशा तिन्ही चुका वेगवेगळ्या. पोशाख आणि वयाचं कोष्टक निराळं. सगळ्या घरांचा मिळून एकच टक्का कुणी मागितला, तर देऊ नका. तो देणाऱ्याच्या हातून सुटला की लगेच फलकावर चढतो. त्याऐवजी पहिल्याच पानावर, बंदोबस्ताच्या माणसाला कळेल अशा शब्दांत, ही पद्धत किती दाटीपर्यंत चालते, त्यापुढं तिच्या आकड्यावर निर्णय का घेऊ नये, आणि ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची मुलं तिला दिसतात की नाही, हे लिहा.